न बोललेलं भाषण

माझ्या सासऱ्यांनी उभी नोकरी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेण्यात घालवली. ते विधिमंडळात प्रतिवेदक होते. सभागृहात टेबलाशी बसायचं, जो बोलेल त्याचा शब्द न् शब्द लघुलेखनात उतरवायचा, आपली पाळी संपली की शेजारी येऊन बसलेल्या सहकाऱ्याच्या हवाली सभागृह करून उठायचं आणि आत जाऊन ते सगळं नीट मराठीत लिहून काढायचं. भाषणं आमदारांची, बाकं वाजायची ती आमदारांसाठी, आणि काही चुकलं तर बोलणी मात्र यांना. तरी त्यांना या कामाचा विलक्षण अभिमान होता. "जे बोललं गेलं तेच कार्यवाहीत येतं," असं ते म्हणत, "आणि जे कार्यवाहीत आलं ते बोललं गेलेलंच असतं." या वाक्यावर त्यांची हयात गेली होती.

निवृत्तीनंतरही कान कामावरच असायचे. आमच्या लग्नाच्या बैठकीत माझे काका आणि मामा एकाच वेळी तावातावाने बोलायला लागले, तेव्हा माझ्या भावी सासऱ्यांनी कुणाकडेही न बघता हळूच म्हटलं, "कंसात, गोंधळ." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला हसू आवरेना, ट्रे डुचमळला आणि अर्धा चहा बशांमध्ये सांडला. त्यावर ते म्हणाले, "कंसात, हशा." या घरात आपलं जमेल असं मला त्याच क्षणी वाटलं. नवऱ्याबद्दल एवढी खात्री पटायला पुढे बराच वेळ लागला.

सासूबाई गेल्या आणि बाबा साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटे पडले. वर्षश्राद्ध झालं तसा नवरा त्यांना व्हिजिट व्हिसावर बहारीनला घेऊन आला. आम्ही अमवाजला राहतो. समुद्रात भर घालून केलेली बेटं, त्यावर इमारती, खाली कालव्यासारखं शांत पाणी. बाबा पहिल्या दिवशी बाल्कनीत उभे राहिले, बराच वेळ खाली बघितलं आणि म्हणाले, "समुद्र आहे, पण आवाज नाही." मग कानातलं यंत्र बोटाने चाचपून म्हणाले, "की माझंच काही राहिलंय?" खरं तर पाण्याला तिथे आवाज नव्हताच. पण त्यांचे कान उतरणीला लागले होते हेही खरं होतं, आणि ज्याची सारी कमाई कानाची, त्याला ते किती लागत असेल ते आम्ही कधी विचारलं नाही.

बाबा कायमचे आमच्याकडे राहणार की परत जाणार, हा एकच प्रश्न त्या दिवसांत घरात होता. नवऱ्याला ते राहायला हवे होते. मलाही हवे होते. साताऱ्यात त्यांना होतं कोण? पण आमच्या घराची एक रीत आहे. इथे कुणी कुणाला सरळ राहा म्हणत नाही. पाहुण्याला आपण "एवढ्यात कुठे निघालात?" म्हणतो, आणि वडिलांना तर तेवढंही म्हणत नाही. वडिलांशी आपण सोयीचं बोलतो. नवरा जेवताना म्हणायचा, "बाबा, इथला रेसिडेन्स व्हिसा करता येतो. इन्शुरन्सही होईल." बाबा म्हणायचे, "बघू." नवरा म्हणायचा, "डॉक्टर इथे चांगले आहेत." बाबा म्हणायचे, "हो का?" मी म्हणायचे, "साताऱ्यात उन्हाळ्यात पाण्याची बोंब असते." बाबा भात कालवत राहायचे. आम्ही तिघे मिळून त्या प्रश्नाभोवती प्रदक्षिणा घालत होतो आणि आत कुणीच शिरत नव्हतं.

बाबांचा दिवस जाता जात नसे. नवरा अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या शिफ्टचं गणित मलाच अजून जमलेलं नाही, तर त्यांना काय जमणार? मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होते आणि घरात एसीमुळे ते स्वेटर घालून बसायचे. खाली फिरायला जायचे, सिक्युरिटीवाल्याशी हिंदीत चार शब्द बोलायचे, कोपऱ्यावरच्या भट्टीतून गरम खुबूज, म्हणजे इथली रोटी, आणायचे. मग मोबाइलवरचं वर्तमानपत्र. मग मला विचारायचे, "काही मदत करू?" मी लसूण सोलायला द्यायची. विधिमंडळाची दोन्ही सभागृहं ज्यांनी कानांवर पेलली त्यांना लसूण सोलायला देताना माझं मलाच ओशाळं व्हायचं.

माझंही काही फार बरं चाललं नव्हतं. मी पुण्यात वकिली केली, चांगली चालायला लागली होती, आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी इथे आले. इथल्या कोर्टात माझ्या सनदेचा काडीचाही उपयोग नाही. काही वर्षं मी राजधानी मनामातल्या एका ऑफिसात करार तपासायचं काम केलं, ते बंद पडलं. त्यानंतर बराच काळ घरात. अशात एका अमेरिकन वकिलांच्या कंपनीने घरबसल्या करायचं एक काम चाचणी म्हणून दिलं. ते पसंत पडलं तर पुढे नियमित.

काम असं होतं. अमेरिकेचा एक केंद्रीय कायदा, ते त्याला फेडरल म्हणतात. सरकारी कंत्राटांवर परदेशात राबणाऱ्या कामगारांना त्यात काही संरक्षण दिलं होतं. प्रश्न एवढाच, की मुख्य कंत्राटदाराने ज्याला काम पोटात दिलं त्या पोटकंत्राटदाराची माणसं त्यात येतात की नाही. कायद्याच्या कलमांतून ते धड कळत नव्हतं. अशा वेळी वकील मागे जातात. विधेयक पहिल्यांदा कुणी मांडलं, समितीत कुणी साक्ष दिली, मसुद्यातला कुठला शब्द कुठे गळला, कुठे घुसला, सभागृहात चर्चेत कोण काय म्हणालं, हे सगळं गोळा करून कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते दाखवायचं. मला तो सगळा पूर्वेतिहास जमवून टिपण लिहायचं होतं.

बाबांनी एका सकाळी लसणाची वाटी माझ्या टेबलावर ठेवली आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, "कसली कादंबरी वाचतेयस एवढी?"

मी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे कार्यवाही! अगं, मग तसं सांग ना. वकिलांच्या भाषेत काय सांगतेस?" आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

त्या खुर्चीवरून ते पुढे सहा-सात आठवडे जेवण्याझोपण्यापुरतेच उठले असतील. त्यांना स्क्रीनवर वाचवत नसे, म्हणून मी मजकूर उचलून वेगळ्या फाइलमध्ये घ्यायची, अक्षर मोठं करायची, मधली वेडीवाकडी चिन्हं पुसून टाकायची आणि प्रिंट काढून द्यायची. त्यांचं इंग्रजी सरकारी वळणाचं आणि पक्कं होतं. ते पेन्सिल घेऊन वाचत बसत. समितीतल्या साक्षीत कंसात हशा आला की मला हाक मारून दाखवत. "हे बघ. तिथेही हशा कंसातच." एकदा समितीचा अध्यक्ष साक्षीदाराला वाक्य पुरं करू देईना, तेव्हा बाबा इतके खूश झाले की त्यांनी ते पान दोनदा वाचून दाखवलं. "माणूस कुठलाही असो, माइक हातात आला की एकाच जातीचा," असं त्यांचं निदान होतं.

कामात त्यांचा उपयोग होत होता हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर म्हाताऱ्याला रमवायला दिलेलं खेळणं वाटेल. समितीच्या कुठल्या कागदात काय सापडतं, विधेयक एका सभागृहातून दुसऱ्यात जाताना कुठे वाट चुकतं, याचा त्यांना अंदाज होता. मी शोधत असलेलं एक पुरवणी पत्रक त्यांनी "अहवालाच्या मागे जोडलेलं असणार, भिन्नमतपत्रिकेच्याही मागे" म्हणून सांगितलं आणि ते तिथेच निघालं. आम्ही वादही घालायचो. मला निष्कर्ष लवकर हवा असायचा, ते मात्र पुढच्या पानाला हात लावण्याआधी मागचं पान संपवायचे. मी चिडले की म्हणायचे, "सभासदांनी शांतता राखावी." मी म्हणायचे, "सभात्याग करते," आणि चहा टाकायला उठायचे. नवरा शिफ्टवरून यायचा तेव्हा आम्ही दोघं पसाऱ्यात बसलेले असायचो. "आज काय मंजूर झालं?" असं तो विचारायचा आणि बाबा त्याला दिवसाचा वृत्तान्त द्यायचे. सासूबाई गेल्यानंतर त्यांना इतकं बोलताना आम्ही पाहिलं नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा जेवताना, कुणी विषय काढलेला नसताना, बाबा म्हणाले, "त्या व्हिसाला फोटो लागतो म्हणालास ना?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. आम्हा दोघांचा जीव भांड्यात पडला होता, पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही अशी आमची रीत. नवरा त्यांना मुहर्रकला स्टुडिओत घेऊन गेला. फोटोत बाबा टाय लावून बसले आहेत, सभागृहात लावायचे तसा.

आणि मग ते भाषण सापडलं. शोधून मी काढलं होतं, पण नीट वाचलं बाबांनी. वरच्या सभागृहातला एक सदस्य विधेयकाच्या बाजूने बोलतो आणि बोलण्याच्या ओघात स्पष्ट सांगतो, की पोटकंत्राटदाराचा माणूस आणि त्याच्या हाताखालच्याचाही माणूस या कायद्यात आलाच पाहिजे, तो कुठल्याही देशाचा का असेना. आम्हाला हवं होतं ते नेमकं. बाबा उभे राहिले आणि त्यांनी ते अख्खं भाषण दिवाणखान्यात मोठ्याने वाचलं. त्यांचा आवाज चढत गेला, थांबायच्या जागी थांबला. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "बघ, एवढं बोलला, पण मध्ये एक अडथळा नाही. एकाने टोकलं नाही, कुणी हरकत घेतली नाही, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही. काय शिस्त असेल! असा सदस्य आमच्याकडे जन्मला नाही, आणि असं ऐकून घेणारं सभागृह तर नाहीच नाही."

मी म्हटलं, "बाबा, याच्यावरच टिपण उभं करू का? तुम्हाला काय वाटतं?"

"काय वाटायचंय? तो तिथे उभा राहून बोललाय. सर्वांनी ऐकलंय. त्यानंतर मतदान झालंय. म्हणजे मत देणाऱ्याला ठाऊक होतं आपण कशाला हो म्हणतोय."

मी टिपणाचा सगळा भार त्या भाषणावर टाकला. बाकीचे कागद त्याच्या पाठीमागे रांगेने उभे केले. टिपण पाठवलं त्या दिवशी बाबांनी कोपऱ्यावरून खुबुजाबरोबर जिलेबीसारखं काहीतरी तिथलं गोडही आणलं.

अमेरिकेतल्या माझ्या वरिष्ठ वकीलबाईंचा व्हिडिओ कॉल संध्याकाळी होता, त्यांच्याकडे सकाळ. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ते कॅमेऱ्यात येणार नव्हते, पलीकडे सोफ्यावर बसणार होते, तरी घातला. यंत्रात नवी बॅटरी टाकली. मीही त्यांना नको म्हटलं नाही, कारण मला त्या बाईंच्या तोंडचं कौतुक त्यांनी ऐकायला हवं होतं.

बाई सौम्य होत्या. समितीच्या कागदांची जुळणी चांगली आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, की मुख्य आधार म्हणून जे भाषण घेतलं आहे ते सभागृहात झालेलंच नाही. त्या सदस्याने ते लिहून नंतर छापायला दिलं होतं. तिथे तशी सवलत असते. असं भाषण छापताना सुरुवातीला एक आणि शेवटी एक काळा ठिपका देतात, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. ते मतदानाआधी कुणी ऐकलेलंच नसल्यामुळे कोर्ट त्याला फारशी किंमत देणार नाही. मूळ पान आपण पाहिलंत का, असं त्यांनी विचारलं.

मी मूळ पान पाहिलं होतं. ठिपकाही पाहिला असणार. पण छापण्यासाठी मजकूर साफ करताना इतर कचऱ्याबरोबर तोही पुसला गेला, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी ते भाषण बाबांच्या मोठ्या अक्षरांतल्या प्रतीवरूनच वाचलं. कॉल संपला तेव्हा पुढच्या कामाबद्दल कळवू, एवढंच त्या म्हणाल्या.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं. त्यांनी अर्धंमुर्धं ऐकलं होतं.

मी सांगितलं. ते उठून आले. मी मूळ पान उघडलं, मोठं केलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, पहिल्या ठिपक्यावर, मग पान खाली सरकवायला लावून दुसऱ्यावर.

"सभागृहात बोललाच नाही?"

"नाही, बाबा."

"मग ते लिहून कुणी घेतलं?"

एवढ्या मोठ्या देशाच्या कार्यवाहीत एक भाषण आहे आणि ते लिहून घ्यायला टेबलाशी कुणी बसलेलं नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. माझं काम जातं की राहतं हे मी विसरूनच गेले, इतका त्यांचा चेहरा पडला होता.

मी त्यांना लगेच सांगितलं, की ठिपका माझ्या हातून पुसला गेला, तुमची काही चूक नाही. त्या रात्रीच नव्हे, पुढेही चार-पाच वेळा सांगितलं. त्यांनी ते नाकारलं नाही, पण मानलंही नाही. "ठिपका डोळ्यांसाठी असतो," असं ते म्हणाले. "माझं काम कानाचं. एवढ्या लांब भाषणात एक अडथळा नाही, हे मी बघितलं. बघून वर कौतुक केलं. अगं, बोललेलं वाक्य असं असतं का? बोलणारा अडखळतो, दुसरा टोकतो, तो मागचं पुन्हा म्हणतो. हे मला वाचतानाच ऐकू यायला हवं होतं. पूर्वी आलं असतं."

त्यानंतर खुर्ची जेवणाच्या टेबलापाशी परत गेली. मी काही वाचायला दिलं तर ते घेत, बाजूला ठेवत, आणि संध्याकाळी न वाचता परत देत. "तूच बघ, माझ्याच्याने घोटाळा व्हायचा." मी रागावून बघितलं, थट्टा करून बघितलं. सभात्यागाची धमकी दिली. ते कसनुसं हसले. मग एका सकाळी त्यांनी स्वतःहून लसूण सोलायला घेतला, आणि मला कळलं की आता काही खरं नाही.

व्हिसाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "राहू दे रे. तिकडे फ्लॅट बंद पडून आहे. पाऊस लागलाय, गच्चीचं बघायला हवं." फ्लॅट दुसऱ्या मजल्यावरचा, वर आणखी दोन मजले. गच्चीशी त्यांचा संबंध काय? पण नवऱ्याने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि मीही. टायमधला फोटो पाकिटातच राहिला.

जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. तिकडे पश्चिमेच्या बाजूला निदान लाटांसारखं काहीतरी असतं, त्यांना आवाज ऐकू येईल म्हणून मीच हट्टाने नेलं. गाडीत मी मनाशी ठरवलं होतं. साधं वाक्य. बाबा, तुम्ही जाऊ नका, तुमच्याशिवाय मला घरात करमणार नाही. गेल्या कितीतरी वर्षांत मी सकाळी उठून टेबलाशी बसायची वाट पाहिली ती फक्त या दिवसांत, ते तुमच्यामुळे. कोर्टात उभी राहून मी याहून कितीतरी अवघड बोलले आहे. वाक्य तयार होतं, पाठ होतं.

वारा सुटला होता. यंत्रात वारा घुसून घोंघावतो म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवलं होतं. नवरा पाण्याकडे बघत विमानाच्या वेळेबद्दल काहीतरी बोलत होता. मी बाबांच्या जवळ सरकले. त्यांनी वळून बघितलं, भुवया उंचावल्या. म्हणजे, बोल, मी ऐकतोय. ओठांवरून त्यांना बरंचसं कळायचं.

मी म्हटलं, "चहा घेणार?"

"चालेल," ते म्हणाले.

विमानतळावर त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मला म्हणाले, "काम सोडू नकोस." मी वाकून नमस्कार केला. मग सिक्युरिटीच्या रांगेत ते इतके सराईतपणे पुढे सरकत गेले, की मागे वळून बघायचं त्यांना आठवलंच नसावं, अशी मी माझी समजूत घातली.

पुढे त्या कंपनीने मला काम दिलं. आधार चुकला असला तरी बाकीची जुळणी त्यांना पटली होती. ती जुळणी निम्मी बाबांची. मी त्याच दिवशी साताऱ्याला फोन केला. "बाबा, काम मिळालं. तुमच्यामुळे." पलीकडून "अं?" आलं. मी ओरडून पुन्हा सांगितलं. "छान, छान," ते म्हणाले. पण ते "छान, छान" मी चांगलं ओळखते. ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटला, की ते तसं म्हणायचे. जाऊ तेव्हा समोर बसून सांगू, असं मी ठरवलं. दिवाळीला जाणार होतो, नवऱ्याची रजा पुढे ढकलली गेली. मग थंडीत एका दुपारी, जेवून आडवे झालेले बाबा उठलेच नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारचे काका सगळं बघत होते. दहावं-तेरावं होईपर्यंत ते रोज येऊन बसायचे. बाबा त्यांच्याकडे बहारीनच्या पुष्कळ गोष्टी करत असत म्हणे. काका म्हणाले, "अमेरिकेच्या सभागृहाचं फार सांगायचे. म्हणायचे, तिथे न बोललेलंही छापतात, पण ठिपका देतात. लोक प्रामाणिक आहेत, म्हणायचे." मला बरं वाटलं. म्हणजे त्यांनी त्या ठिपक्याशी नंतर समेट केला होता, आणि आम्हाला ते कळलं नव्हतं.

मग काका म्हणाले, "पण आम्हाला वाटलं होतं, तिकडेच राहतील. मुलगा आहे, तुम्ही एवढ्या चांगल्या. मी विचारलंसुद्धा त्यांना, की आलात कशाला परत? राहायचं की तिथेच."

"मग?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्हाला माहितीये त्यांचं बोलणं. हसले. म्हणाले, तसा ठराव काही मांडला गेला नाही."

नवरा उठून आत गेला. मी तिथेच बसून राहिले. व्हिसा, इन्शुरन्स, डॉक्टर, पाणीटंचाई. आमची अख्खी चर्चा मी मनात पहिल्यापासून वाचून काढली, जशी रोज कामासाठी वाचते तशी, पुढच्या पानाला हात लावण्याआधी मागचं संपवत. ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं. ऐकण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आता मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कायद्याच्या मागे जाते. ठिपके मी आता पुसत नाही, शोधते. बोलायची वेळ निघून गेल्यावर कुणीतरी घाईघाईने लिहून पाठवलेली ती भाषणं असतात. कोर्टात त्यांचा उपयोग नाही हे मला पाठ आहे. तरी प्रत्येक वेळी मी ती पूर्ण वाचते. आणि आज इथे एक घालते, सभागृहात झालं नाही हे स्पष्ट दाखवून, दोन्ही टोकांना ठिपका देऊन.

● बाबा, तुम्ही राहा. ●